माग आणि पाठलाग

चोराच्या मागे जाण्यासाठी मराठीत दोन क्रिया आहेत आणि त्यांना दोन निरनिराळे शब्द आहेत. एक माग काढणे आणि दुसरी पाठलाग करणे. व्यवहारात आपण हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो, परंतु त्यांच्या अर्थात मोठे अंतर आहे. माग काढणारा खाली जमिनीकडे पाहतो. चोर केव्हाच निघून गेलेला असतो आणि त्याने मागे ठेवलेल्या खुणांवरून, घाई न करता, त्याच्या दारापर्यंत जावयाचे असते. पाठलाग करणारा समोर पाहतो. चोराची पाठ त्याला दिसत असते, आणि ती दिसेनाशी होऊ नये एवढ्या एकाच चिंतेने तो धावत असतो. पहिल्या क्रियेत बुद्धीला अवसर आहे, दुसरीत तो फार थोडा आहे.

हा शब्दविचार करण्याचे कारण असे की, चोरलेली मोटार घेऊन कोणी भरधाव पळत असेल तर पोलिसांनी तिच्यामागे आपली मोटार घालावी की नाही, हा प्रश्न आज जगातील सर्वच मोठ्या शहरांपुढे उभा आहे, आणि आम्ही ज्या कोरमंगलात राहतो तेथेही तो केवळ पुस्तकी राहिलेला नाही. येथील केंद्रीय सदनात आमच्यासारख्या कितीतरी परप्रांतीय कारकुनांची उपजीविका चालते. डब्याच्या वेळी हा विषय निघाला की हटकून दोन तट पडतात. एक पक्ष म्हणतो, चोर डोळ्यांदेखत पळत असता शिपायाने नुसता क्रमांक टिपून उभे राहावे, तर मग त्याला सरकारने गाडी आणि गणवेश दिला तो कशासाठी? दुसरा पक्ष विचारतो, ऐंशी फुटी रस्त्यावर संध्याकाळी सहा वाजता दोन गाड्यांची शर्यत लागली आणि शाळेतून येणारे एखादे पोर चाकाखाली सापडले, तर ती मोटार परत मिळून कोणाचे समाधान होणार? दोन्ही प्रश्न प्रामाणिक आहेत. परंतु अशा वादात आपण सर्वजण आजचाच विचार करतो. हा प्रश्न आपल्या मुलखाला नवा नाही, आणि आपल्या पूर्वजांनी त्याचे एक उत्तर देऊन ठेवले होते, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. ते उत्तर काय होते आणि पुढे ते कसे बदलत गेले, हे येथे थोडक्यात पाहण्याचा विचार आहे.

१

पेशवाईचा अंमल जाऊन इंग्रजांचा आला तेव्हा दख्खनचा कमिशनर असलेल्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने जिंकलेल्या मुलखाविषयी १८१९ साली एक विस्तृत अहवाल लिहिला. त्यात गावगाड्याच्या बंदोबस्ताचे वर्णन आहे. गावची राखण महार, रामोशी, भिल्ल अशा वतनदार जागल्यांकडे असे. गावात कोण आला, कोण गेला, कोणाचे वर्तन संशयास्पद आहे, याची खबर ठेवणे हे त्यांचे काम. चोरी झाली की चोर पकडण्याची किंवा निदान त्याचा माग काढण्याची जबाबदारी जागल्यावर पडे. तो पावले पाहात पाहात शिवेपर्यंत जाई आणि तेथे तो माग पुढच्या गावच्या जागल्याच्या हवाली करी. एकदा माग स्वीकारला की जबाबदारी त्या गावाची. त्यानेही तो पुढच्या शिवेपर्यंत नेऊन पोचवावा. ज्या गावाच्या हद्दीत माग संपे, त्या गावाने चोर हजर करावा, नाहीतर चोरीची भरपाई करावी.

ही व्यवस्था नीट न्याहाळली म्हणजे तिच्यातील शहाणपण लक्षात येते. येथे कोणी जिवावर उदार होऊन धावत नाही. कोणीही आपली शीव ओलांडून परक्या गावात शस्त्र घेऊन घुसत नाही. वेग चोराजवळ आहे, तर चिकाटी गावाजवळ. चोर एकटा असतो आणि त्याला प्रत्येक गावातून जावयाचे असते. उलट प्रत्येक जागल्याला फक्त आपल्याच गावाची जमीन वाचावयाची असते, आणि ती त्याला तळहातासारखी ठाऊक असते. शिवाय माग हरवल्यास दंड बसणार असल्यामुळे पुढच्या गावाला डोळेझाक करणे परवडत नसे.

तथापि या व्यवस्थेचे गोडवे गाताना तिचे दोषही नजरेआड करता येत नाहीत. भरपाईचा बोजा अनेकदा निरपराध गावावर पडे. ज्या जागल्याने चोर धरावयाचा तोच चोरांशी संगनमत करून बसला, तर जामदारखान्याच्या किल्ल्या चोराच्याच हाती दिल्यासारखे होई. आणि राज्य खिळखिळे झाले, बंडाळी माजली, की माग काढण्याचे काम जागच्या जागी थंडावे. मागाची पद्धत शांततेच्या काळात आणि परस्परांच्या विश्वासावर चालणारी होती. अंदाधुंदीत ती टिकणे शक्य नव्हते.

२

पाठलागाची परंपरा वेगळी. ती गावगाड्याची नव्हे, घोडदळाची. आम्ही राहतो त्या बंगळूरशी तिचा एक करुण संबंध आहे. १६३८ साली विजापूरच्या फौजांनी केंपेगौडाकडून बंगळूर घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. येथे त्यांचा दरबार भरे. ज्यांनी दक्षिणेतील अनेक मोहिमा पार पाडल्या, निजामशाही, आदिलशाही आणि मोगल अशा तिन्ही सत्तांचे राजकारण जवळून पाहिले, त्या या मुरब्बी सेनानीचा अंत रणांगणावर झाला नाही. २३ जानेवारी १६६४ रोजी चन्नगिरीजवळ होदिगेरे येथे शिकारीत त्यांचा घोडा कोसळला आणि त्या पडण्यातच त्यांचा मृत्यू झाला. समाधी तेथेच आहे. भरधाव पाठलागात सावजाइतकाच, किंबहुना सावजापेक्षा अधिक धोका पाठलाग करणाऱ्याला असतो, याचे याहून मोठे उदाहरण आपल्या इतिहासात शोधूनही सापडणार नाही.

इंग्रजी अमलात सरकारने ज्यांचे मोठे पाठलाग केले त्यांत दोन नावे प्रत्येक मराठी वाचकाला ठाऊक आहेत. उमाजी नाईक आणि वासुदेव बळवंत फडके. त्यांची नावे आम्ही येथे घेतो ती चोरांच्या पंक्तीत बसविण्यासाठी नव्हेत, हे सांगावयास नकोच. त्यांचे स्थान लोकांच्या मनात ठरून गेलेले आहे. पण पाठलाग या क्रियेचे सामर्थ्य किती आणि मर्यादा कोणत्या, हे त्यांच्या चरित्रांवरून जितके स्पष्ट होते तितके दुसऱ्या कशावरूनही होत नाही. उमाजीने पुरंदरच्या डोंगराळ मुलखात सरकारी तुकड्यांना वर्षानुवर्षे दाद दिली नाही. डिसेंबर १८३१ मध्ये तो सापडला तो घोडदौडीने नव्हे, जवळच्याच माणसांच्या फितुरीने. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्याला फाशी झाली.

फडक्यांच्या मागे १८७९ साली मेजर डॅनियल आपल्या तुकड्या घेऊन महाराष्ट्रातून निजामाच्या राज्यापर्यंत फिरला. निजामाच्या पोलिसांतील अब्दुल हक हा अधिकारीही त्याच्या मदतीस होता. इतक्या धावपळीनंतर जुलै महिन्यात फडके हाती लागले ते विजापूरजवळच्या देवर नावदगी या गावी, म्हणजे आजच्या कर्नाटकातच. तापाने आणि श्रमाने थकून ते झोपलेले असताना त्यांना पकडण्यात आले. घोडे दौडले हे खरे, पण शेवटी उपयोगी पडली ती बातमी. पळणारा माणूस कधीतरी थांबतोच. तो कोठे थांबेल हे ज्याला कळले त्याला धावावे लागत नाही.

३

विसाव्या शतकात मोटार आली आणि या जुन्या प्रश्नाचे स्वरूप पालटले. घोडा अडखळला तर घोडेस्वार पडे. मोटार अडखळली तर आतला कदाचित वाचतो आणि पदपथावरचा मरतो. पाठलागात आतापर्यंत दोनच पक्ष होते, त्यात तिसरा पक्ष आला. त्याचा चोरीशी काही संबंध नाही, पोलिसांशीही नाही. तो फक्त रस्ता ओलांडीत असतो.

परंतु मोटारीने चोराला वेग दिला तसे तिच्याबरोबर आलेल्या कायद्याने माग काढणाऱ्यालाही एक साधन दिले. १९१४ च्या मोटार वाहन कायद्यात वाहनाची नोंदणी आली आणि गाडीच्या अंगावर क्रमांक आला. १९३९ च्या आणि पुढे १९८८ च्या कायद्याने ही व्यवस्था अधिक पक्की केली. धुळीत उमटलेले पाऊल जे काम पूर्वी करी ते आता हा क्रमांक करू लागला. फरक एवढाच की, पाऊल पावसाने पुसले जाई, क्रमांक चोर स्वतः बदलतो.

मोटार, हद्द आणि पोलीस यांचा गुंता किती मोठा होऊ शकतो हे १९२५ सालच्या बावला खून प्रकरणाने साऱ्या देशाला दाखविले. १२ जानेवारीच्या संध्याकाळी मुंबईस मलबार हिलवर अब्दुल कादर बावला आणि मुमताज बेगम यांच्या मोटारीला दुसऱ्या मोटारीतून आलेल्या टोळीने अडविले. बावला मारला गेला. गोल्फ खेळून परतणारे लष्करी अधिकारी अकस्मात तेथे येऊन पोचले म्हणून मुमताज वाचली आणि काही हल्लेखोर जागीच हाती लागले. पुढे तपासाचे धागे थेट इंदूरच्या दरबारापर्यंत जाऊन भिडले आणि १९२६ साली तुकोजीराव होळकरांना गादी सोडावी लागली. येथे कोणाची मोटार किती वेगाने धावली यावर काही ठरले नाही. जबान्या, ओळखी आणि कागद यांनीच मुंबईपासून इंदूरपर्यंतचा माग लावून दिला.

हद्दीचा हा प्रश्न आमच्या बंगळूरला तर अगदी घरातला होता. १८८१ साली म्हैसूरचे राज्य वडियार घराण्याकडे परत गेले, परंतु बंगळूरची छावणी ब्रिटिश रेसिडेंटच्या अमलाखालीच राहिली. १९४७ साली ती म्हैसूरला परत मिळेपर्यंत एकाच गावात दोन राज्ये नांदत होती. पेठेत म्हैसूरचा अंमल, छावणीत रेसिडेंटचा. दोन्हींच्या मधोमध कबन पार्कची हिरवळ. पेठेतून निघालेला माणूस ही हिरवळ ओलांडून पलीकडे गेला की त्याच्यावरचे सरकार बदले. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने पोलिसाला आरोपीचा पाठलाग दुसऱ्या हद्दीत करण्याची मुभा दिली होती खरी, पण ती ब्रिटिश हिंदुस्थानच्या आत. संस्थानांच्या सीमेशी ती थांबे. १९७३ च्या संहितेत या कलमातील शब्द ‘भारतातील कोणतेही ठिकाण’ असे आहेत, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४५ व्या कलमातही ही मुभा कायम आहे. आज होसूर रस्त्याने अत्तिबेले ओलांडून कोणी तमिळनाडूत शिरला तरी कर्नाटकच्या पोलिसाला कायद्याने मागे फिरावे लागत नाही. हद्दीची शीव गेली. आता प्रश्न उरला तो विवेकाच्या शिवेचा.

४

या विवेकाविषयी आपला कायदा अगदीच मुका नाही. अटक करताना आरोपीने विरोध केला किंवा तो निसटू लागला तर पोलिसाला आवश्यक ते सर्व उपाय योजता येतात, असे १८९८, १९७३ आणि २०२३ या तिन्ही संहितांत सांगितले आहे. पण त्याला लागूनच एक मर्यादा घातली आहे. ज्याच्यावर मृत्यूची किंवा जन्मठेपेची शिक्षा असलेल्या गुन्ह्याचा आरोप नाही, अशा माणसाचा जीव घेण्याचा अधिकार या कलमाने मिळत नाही. साध्या चोरीला भारतीय दंड संहितेत तीन वर्षांपर्यंत कैद होती. नव्या न्याय संहितेतही पहिल्या गुन्ह्याला कमाल कैद तेवढीच आहे. म्हणजे मोटार कितीही किमती असली तरी ती चोरणाऱ्याच्या प्राणापेक्षा तिचे मोल कायद्याच्या दृष्टीने कमीच. मग रस्त्याने जाणाऱ्या तिऱ्हाइताच्या प्राणापेक्षा ते अधिक आहे असे कोणत्या न्यायाने म्हणता येईल? चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याची म्हण आपण अविचारी राजाला उद्देशून वापरतो. भर गर्दीत लावलेला पाठलाग कधी कधी नेमके तेच करून बसतो, फरक इतकाच की येथे संन्याशाची निवड राजा करीत नाही, दैव करते.

परंतु कायद्यातील ही मर्यादा गोळीसाठी आणि दंडुक्यासाठी लिहिली गेली. दीड टन वजनाची सरकारी मोटार हेही एक शस्त्र होऊ शकते, हे १८९८ साली कोणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते. त्यामुळे शिपाई आज दुहेरी पेचात सापडतो. पाठलाग केला आणि कोणी दगावले, तर हयगयीने मृत्यू घडविल्याचे कलम त्याच्यासमोर उभे राहते. पाठलाग सोडला, तर वरिष्ठ खुलासा मागवितात आणि दुसऱ्या दिवशी लोक त्याला भ्याड म्हणतात. सरकारी नोकरीत ज्यांनी काही वर्षे काढली आहेत त्यांना या पेचाची कल्पना करून देण्याची आवश्यकता नाही. जेथे लेखी आदेश नसतो तेथे निर्णय सर्वांत कनिष्ठ माणसावर सोडलेला असतो, आणि दोष देण्याची वेळ आली की तो सर्वांत प्रथम सापडतो. आमच्या टेबलावरचा कागद निदान आठ दिवस थांबू शकतो. शिपायाला दहा पळेही मिळत नाहीत.

५

मुंबई आणि पुणे येथे या शतकात घडलेल्या दोन घटना या संदर्भात एकत्र पाहण्यासारख्या आहेत.

पहिली २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीची. कामा रुग्णालयाजवळ हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर या अधिकाऱ्यांना ठार करून दोन दहशतवाद्यांनी पोलिसांचीच क्वालिस गाडी बळकावली. ती निकामी होताच वाटेत त्यांनी एक स्कोडा मोटार हिसकावून घेतली आणि ते मरीन ड्राइव्हने निघाले. या मोटारीची बातमी बिनतारी यंत्रावरून पुढे गेली आणि गिरगाव चौपाटीवर डॉ. दा. भ. मार्ग ठाण्याच्या पोलिसांनी नाकेबंदी केली. मोटार अडथळ्यांच्या अलीकडे थांबली आणि वळविण्याच्या प्रयत्नात दुभाजकाला अडकली. झालेल्या चकमकीत एक जण मारला गेला. दुसऱ्याने, म्हणजे कसाबने, बंदूक उगारली तेव्हा सातारा जिल्ह्यातील केडंबे गावचे सहाय्यक फौजदार तुकाराम ओंबळे, ज्यांच्या हाती केवळ काठी होती, पुढे झाले आणि त्यांनी त्या बंदुकीची नळी घट्ट धरून ठेवली. गोळ्या त्यांच्या शरीरात शिरल्या, पण नळी सुटली नाही. कसाब जिवंत सापडला आणि त्यामुळेच सारा कट न्यायालयापुढे उलगडता आला. ओंबळे यांना २००९ साली मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले.

त्या रात्री बळकावलेली मोटार पकडली गेली ती शर्यतीने नव्हे. एकाने बातमी दिली, दुसऱ्याने ती पुढे पोचविली, तिसऱ्याने शीव अडविली. एल्फिन्स्टनच्या अहवालातील जागल्याला ही पद्धत परकी वाटली नसती. मात्र नाकेबंदी म्हणजे स्वस्त आणि निर्धोक उपाय, असाही ग्रह कोणी करून घेऊ नये. त्या नाक्यावरची किंमत एका माणसाने स्वतःच्या देहाने चुकती केली. थांबणे म्हणजे भित्रेपणा नव्हे, हे सांगण्यासाठी ओंबळ्यांच्या नावाखेरीज दुसरा दाखला देण्याची गरज नाही.

दुसरी घटना पुण्याची, २५ जानेवारी २०१२ ची. राज्य परिवहन मंडळाचा चालक संतोष माने याने सकाळी स्वारगेट आगारातून एक बस परवानगीवाचून बाहेर काढली आणि गजबजलेल्या रस्त्यांवरून, उलट दिशेने, समोर येईल त्याला चिरडीत ती पळविली. नऊ माणसे मृत्युमुखी पडली, कित्येक जखमी झाली. पोलिसांनी पाठलाग केला, गोळ्याही झाडल्या. दुचाकीवरून बसच्या मागे लागलेल्या एका तरुण विद्यार्थ्याने शेवटी आत शिरून चालकाला आवरण्याचे धाडस केले तेव्हा कोठे हा अनर्थ थांबला. मानेला सत्र न्यायालयाने दिलेली आणि मुंबई उच्च न्यायालयाने कायम केलेली फाशीची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये जन्मठेपेत बदलली.

येथे नुसता क्रमांक टिपून घेऊन भागले असते काय? बस कोणत्या आगाराची हे सर्वांना ठाऊक होते. प्रश्न ती कोणाची आहे हा नव्हताच, ती पुढच्या चौकात काय करील हा होता. त्या दिवशी पाठलाग न करणे हाच अपराध ठरला असता. तेव्हा पाठलाग सर्वथा निषिद्ध, असे म्हणणाऱ्यांनी पुण्याची ती सकाळ आठवावी. आणि पाठलाग सर्वदा कर्तव्य, असे म्हणणाऱ्यांनी हे आठवावे की, माने कोणाच्या पाठलागामुळे बेफाम झाला नव्हता, तो बेफाम असल्यामुळे त्याचा पाठलाग झाला. भुरटा मोटारचोर याच्या अगदी उलट असतो. मागे कोणी नसेल तर त्याला सिग्नलला थांबण्यातच फायदा असतो, कारण त्याला लोकांच्या नजरेत भरावयाचे नसते. त्याला बेफाम करते ती मागून येणारी भोंग्याची किंकाळी.

६

इतर देशांनी या प्रश्नाची केलेली उकल पाहू गेल्यास तेथेही एकवाक्यता नाही. अमेरिकेत १९९६ ते २०१५ या वीस वर्षांत पोलिसी पाठलागांशी निगडित अपघातांत दरवर्षी सरासरी ३५५ माणसे मेली, म्हणजे जवळजवळ रोज एक. त्याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली स्कॉट विरुद्ध हॅरिस या खटल्यात पोलिसांची बाजू उचलून धरली. वेगमर्यादा मोडून पळालेल्या एका एकोणीस वर्षांच्या मुलाची मोटार पोलिसाने मागून धक्का देऊन रस्त्याबाहेर घातली होती आणि मुलगा जन्माचा पंगू झाला होता. जो अधिक बेदरकारपणे गाडी हाकील त्याला सोडून द्यावयाचे असा नियम केला, तर बेदरकारपणालाच बक्षीस दिल्यासारखे होईल, असा त्या निकालाचा आशय आहे. आठ न्यायमूर्ती एका बाजूस आणि एक विरुद्ध, असा तो निकाल होता.

हा युक्तिवाद सहज झटकून टाकण्यासारखा नाही, हे न्यूझीलंडच्या अनुभवावरून दिसते. तेथील पोलिसांनी डिसेंबर २०२० मध्ये पाठलागांवर कडक निर्बंध घातले. पाठलागांची संख्या घटली, पण इशारा न जुमानता पळणाऱ्या चालकांची संख्या वाढली. आपल्यामागे कोणी येणार नाही हे त्यांनी ओळखले. अखेर २०२३ साली ते निर्बंध सैल करावे लागले. एका टोकाला प्रेते आहेत आणि दुसऱ्या टोकाला निर्ढावलेपण. शहाण्या राज्यकारभाराला या दोहोंमधील वाट शोधावी लागते.

न्यूझीलंडचा धडा आमच्या मते असा की, पाठलाग सोडावयाचा असेल तर त्याच्या जागी माग भक्कमपणे उभा करावा लागतो. पाठलाग बंद आणि मागही नाही, अशी स्थिती म्हणजे चोरास मोकळे रान. जुन्या गावगाड्यात कोणी धावत नसे तरी चोराला धास्ती असे, कारण पुढच्या प्रत्येक शिवेवर जबाबदार माणूस उभा होता आणि माग हरवल्यास गावाला तोशीस लागणार होती.

७

आता पुन्हा कोरमंगलाकडे वळू. सत्तर वर्षांपूर्वी हे तळ्याकाठचे एक खेडे होते. पुढे येथे आखीव वसाहत झाली, १९९७ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी क्रीडाग्राम उभे राहिले, कचेऱ्या आल्या, उपाहारगृहे आली आणि ज्या गल्ल्या बंगल्यांतील दोनचार मोटारींसाठी आखल्या होत्या त्यांतून अर्धे शहर वाहू लागले. ईजीपुऱ्याचा उड्डाणपूल २०१७ साली सुरू होऊन वर्षानुवर्षे खांबांवरच रेंगाळला, आणि त्या खांबांच्या सावलीतून माणसे, दुचाक्या, शाळेच्या गाड्या एकमेकींना चुकवीत जाऊ लागल्या. अशा ठिकाणी भरधाव पाठलागाला मुळी जागाच नाही. पोलिसांची होयसळ गाडी, तिच्या अंगावर कितीही पराक्रमी राजवंशाचे नाव असले तरी, सोनी वर्ल्डच्या चौकात संध्याकाळी बैलगाडीच्या गतीनेच पुढे सरकते. येथे वेगाने जाऊ शकतो तो एकटा चोरच, कारण पदपथावरून गाडी घालण्यास त्याला लाज वाटत नाही. त्या शर्यतीत पोलिसाने त्याची बरोबरी करणे म्हणजे त्याच्याइतकेच निर्लज्ज होणे.

उलट माग काढण्याची साधने या शहरात पूर्वी कधी नव्हती इतकी आज आहेत. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना सहज काढता न येणाऱ्या क्रमांकपट्ट्या सक्तीच्या झाल्या. डिसेंबर २०२२ मध्ये बंगळूरच्या पन्नास चौकांत क्रमांक आपोआप वाचणारे कॅमेरे बसविण्यात आले. होसूर रस्ता, म्हैसूर रस्ता, तुमकूर रस्ता या शहराच्या वेशी आहेत, आणि वेशीवर बातमी चोराच्या आधी पोचू शकते. पावले वाचणाऱ्या जागल्याचे काम आता यंत्र करते. पण यंत्राने पाऊल वाचले तरी माग स्वीकारावा लागतो माणसालाच. एका ठाण्याने दिलेली बातमी दुसऱ्या ठाण्याने आपली म्हणून घेतली नाही, ‘ही हद्द आमची नव्हे’ असे उत्तर आले, की पन्नास काय, पाचशे कॅमेरेही नुसते बघे ठरतात. जुन्या व्यवस्थेतून शिकण्यासारखे जर काही असेल तर ते पावले ओळखण्याचे कसब नव्हे. ज्याच्या शिवेत माग पोचला त्याने तो पुढे नेलाच पाहिजे, हे बंधन होय.

या सर्व विवेचनातून आम्ही एका साध्या निष्कर्षास येतो. पाठलागाचा निर्णय चोरी केवढ्याची झाली यावर अवलंबून नसावा आणि पळणाऱ्याने पोलिसाचा किती अपमान केला यावर तर मुळीच नसावा. त्याने केवळ एका गोष्टीवर अवलंबून राहावे. पळणारी गाडी तशीच जाऊ दिल्याने माणसे मरतील, की तिच्या मागे लागल्याने? पहिले खरे असेल तेथे शिपायाने सर्व बळ पणाला लावावे, पुण्यास लावले तसे. दुसरे खरे असेल तेथे त्याने दिवा विझवावा, भोंगा बंद करावा आणि माग पुढच्या शिवेवर द्यावा. आणि हे त्याने काय करावे ते आधीच, थंड डोक्याने, वरिष्ठांच्या सहीनिशी लिहून ठेवलेले असावे. म्हणजे ज्या शिपायाने गर्दी पाहून गाडी थांबविली, त्याच्याकडून दुसऱ्या दिवशी खुलासा मागविला जाणार नाही. त्याने कर्तव्य सोडले असे नव्हे, कर्तव्यच केले, असे त्याच्या नोकरीपुस्तकात कोणालाही लिहिता येईल.

चोरीस गेलेली मोटार उद्या सापडेल, परवा सापडेल, कदाचित कधीच सापडणार नाही. तिची भरपाई विमा कंपनी करील, किंवा धनी हळहळून नवी घेईल. गावगाड्याच्या काळीही भरपाई ठरलेली होती, कारण वस्तूला भरपाई असते. ऐंशी फुटी रस्ता ओलांडणाऱ्या माणसाची भरपाई कोणत्याही गावाला कधी करता आलेली नाही.